शेवंतीचा खुंटा

शालनच्या ईश्वरीचं लग्न झालं ते साल २०४१. शालन ही माझ्या थोरल्या भावाची, धोंडीरामदादाची, एकुलती एक लेक. म्हणजे ईश्वरी त्याची नात. लग्न तासगावातच होतं आणि वैशाखाच्या उन्हात पंख्याखालच्या खुर्च्यांवरून पाहुण्यांची भांडणं चालली होती. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि नवरी शालू सावरत दादाच्या खुर्चीपाशी आली. तिच्यामागं तिचा नवरा एक चपटा, जड खोका धरून उभा.

"आजोबा, हा तुमचा आहेर."

"मला कसला आहेर? मी करायचा का तू?"

खोक्यातून एक पाट निघाला. दिसायला लाकडीच, पण नेहमीच्या पाटापेक्षा जाड, कडेनं काळं रबर, आणि पुढच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा.

"पाट व्हय? आता ह्याच्यावर बसवून मला न्हाऊ घालताय का काय?" दादा म्हणाला. सगळे हसले.

ईश्वरी त्याच्या गुडघ्याशी खाली बसली. "आजोबा, शेवंती जिवंत आहे. मी तिचं पालकत्व तुमच्या नावानं घेतलंय."

दादा हसायचा थांबला. त्यानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तो फेट्याच्या टोकाची सुतं ओढत बसला. त्यानंतर फोटोला बोलावलं तरी तो उठला नाही.

शेवंती ही सर्कशीतली हत्तीण. दादा तिचा हत्तीवाला. आम्ही दोघं बहीण-भाऊ लहानपणीच सर्कशीत गेलो. मी सायकलीच्या खेळात, तो हत्तींकडं. शेवंती पिल्लू असताना आली तेव्हा दादाला नुकती मिसरूड फुटली होती. पुढं कायदा आला, सर्कशीतली जनावरं सोडवायची ठरली, आणि एके सकाळी ट्रक येऊन शेवंतीला घेऊन गेला. कुठं नेली ते कोणी सांगितलं नाही. दादानं विचारलंही नाही. तो तासगावला येऊन बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर वॉचमन झाला. माझा नवरा वारल्यावर मीही त्याच्याकडं येऊन राहिले. इतक्या वर्षांत शेवंतीचं नाव घरात निघालं नव्हतं. ईश्वरीला मात्र लहानपणी मी त्या गोष्टी सांगितल्या होत्या, तिनं त्या लक्षात ठेवल्या.

पाटासोबत माहितीपत्रक होतं. दादाला वाचता येत नाही. मलाही अक्षरं उशिरा आली, ईश्वरी पहिलीत असताना तिच्या शेजारी बसून. पण आली. म्हणून ते मी वाचलं, आणि न समजलेलं पुढं हत्तींचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर अनुजानं समजावलं. ते थोडक्यात असं.

हत्तीचं बरंचसं बोलणं आपल्या कानाला ऐकू येत नाही. आपला कान ज्या खर्जापाशी संपतो, त्याच्याही खाली ते चालतं. तो घुमारा हवेतून कोसभर जातो आणि जमिनीतूनही जातो. दुसरे हत्ती तो कानानं ऐकतात, तसा पायाच्या तळव्यानंही ऐकतात. चंदगडच्या पलीकडं डोंगरात तळकोंड म्हणून सोडवलेल्या हत्तींचं आश्रयवन आहे. देवळातले, सर्कशीतले, वरातीतले हत्ती तिथं आणून सोडले आणि त्यांचा त्यांनीच एक कळप केला. त्या रानात जागोजाग खांब पुरलेले होते. खांबाचं मूळ जमिनीतला घुमारा टिपायचं, वरचा भाग हवेतला. मग यंत्र कोणाचा आवाज कोणता ते निवडायचं. अशी वर्षं गेल्यावर यंत्राला उमगलं की हत्ती एकमेकांना नावानं हाका मारतात. प्रत्येकाला वेगळी हाक, आणि ज्याची हाक त्यानंच ओ द्यायची.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की पालकांना हे घरबसल्या द्यावं. पाटावर पाय ठेवले की आपल्या हत्तीचा घुमारा तळव्यांना कळायचा. आपण बोललो की आपला आवाज आणि पाटावरची आपली थरथर तिकडच्या खांबातून रानाच्या जमिनीत जायची. पुण्या-मुंबईतले किती तरी लोक संध्याकाळी पाटावर पाय ठेवून बसायचे. हत्ती त्यांना ओळखत नव्हते, त्यामुळं ओही देत नव्हते. लोकांना तेवढ्यानंही बरं वाटायचं.

लग्नाची गडबड संपल्यावर आम्ही पाट मांडला. दादा पायाला तेल लावून, धुऊन, देवापुढं बसावं तसा बसला. काय बोलावं ते त्याला सुचेना. माझ्याकडं बघून म्हणाला, "काय म्हनू गं?"

"आयुष्यभर काय म्हनत होतास?"

त्यानं घसा खाकरला. "शेवंते," म्हणाला. "ए शेवंते, मी हाय."

काही झालं नाही. मी उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं. तेवढ्यात मागून दादा ओरडला, "गोजे!" मी पिठाच्या हातानंच धावले. पाटावरचा दिवा लागला होता. मी एक पाय टेकवला. लांबून जड ट्रक येताना जमीन हलते तसं काहीतरी तळव्यातून गुडघ्यापर्यंत आलं, ओसरलं, पुन्हा आलं. दादाचं तोंड उघडं राहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी अनुजा शेट्ये हिचा फोन आला. तळकोंडला हत्तींच्या बोलण्याचा अभ्यास करणारी ती डॉक्टर. आवाजावरून तरुण वाटली. तिला श्वास पुरत नव्हता इतकी ती भराभर बोलत होती. शेवंतीची एक हाक होती, ती गेली कित्येक वर्षं यंत्रात नोंदली जात होती. त्या हाकेला कळपातलं कोणीच ओ देत नव्हतं. ती कोणाची ते कळत नव्हतं म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली होती. काल दादाचा आवाज खांबातून गेला आणि शेवंतीनं तीच हाक दिली.

"आजोबा, ते तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "ती इतकी वर्षं तुम्हाला हाक मारत होती."

दादानं फोन माझ्या हातात दिला आणि परसात जाऊन उभा राहिला.

ते वर्ष दादाचं चांगलं गेलं, हे मला लिहिलंच पाहिजे. त्याच्या फुफ्फुसांचं दुखणं जुनं होतं. डॉक्टरांनी नाकात प्राणवायू देणारं नळीचं यंत्र दिलेलं, ते तो कधी लावायचा, कधी फेकायचा. आता तो वेळेवर लावायला लागला. दिवस कलला की अंगात धुतलेला सदरा घालून पाटाशी बसायचा आणि तिला सगळं सांगायचा. शेजारचं भांडण, पावसाचं, माझं.

"आज गोजीनं आमटीत मीठ टाकलं न्हाई बघ. म्हातारी झाली."

"तुझ्या जिभेला चव न्हाई, त्याला मी काय करू?" मी आतून म्हणायची.

"ऐकलंस शेवंते? अशी बोलती मला."

आणि दिवा लागायचा. मग दादा माझ्याकडं विजयानं बघायचा, जणू हत्तिणीनं त्याचीच बाजू घेतली.

उठताना तो हातातल्या काठीनं पाटावर ठोके द्यायचा. टक, टक, टक, सावकाश, आणि मग एक शेवटचा जोरात. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सर्कशीतला प्रत्येक हत्तीवाला दिवसाचं काम संपलं की असे ठोके द्यायचा. मुक्काम रोज नव्या मातीत. कुठं भुसभुशीत, कुठं मुरूम. हत्तीच्या पायाची साखळी ज्या लोखंडी खुंट्याला बांधायची, तो ठोकून झाला की घट्ट बसलाय का ते बघायला वरून पुन्हा ठोके द्यायचे. दादाच्या हाताला ती सवय इतकी होती की चहाचा कप ठेवल्यावरही तो टेबलावर बोटं ठोकायचा.

पौषापर्यंत तळकोंडचे फोन यायचे ते आनंदाचे. माघात अनुजा स्वतःच आली. फोनवरच्यापेक्षा हडकुळी होती, उन्हानं रापलेली. दादा दवाखान्यात छाती तपासायला गेला होता, शालनबरोबर. मी चहा टाकला. तिनं पिशवीतून काचेची पाटी काढली.

"आजी, मला एक विचारायचं होतं. आजोबा नसतानाच विचारते."

पाटीवर चित्र हलायला लागलं. माळ, खांब, आणि खांबाशेजारी शेवंती. मी तिला ओळखलं. डाव्या कानाची फाटलेली कड तशीच होती. म्हातारी झाली होती, कपाळाची हाडं वर आलेली. तिच्यामागं आणखी एक हत्तीण, सोंडेनं शेवंतीची शेपटी धरून उभी.

"ही गौरा," अनुजा म्हणाली. "देवळातली. दोन्ही डोळे गेलेत तिचे. शेवंतीची शेपटी धरून चालते. शेवंतीशिवाय ती हलत नाही."

"मग?"

"आता खालचा ओढा आटायला लागलाय. दरवर्षी या दिवसांत कमळा, म्हणजे कळपाची म्होरकी, सगळ्यांना घेऊन वरच्या दरीत जाते. तिथं उन्हाळाभर पाणी असतं. यंदा कळप गेला. शेवंती गेली नाही. संध्याकाळी आजोबांशी बोलणं झालं की ती या खांबापाशी उभी राहते आणि उजाडेपर्यंत हलत नाही. दिवसाही फार लांब जात नाही. कमळा वरून हाका मारते, ही ओ देते, पण पाय उचलत नाही. म्हणजे एक उचलते. हे बघा."

चित्रात शेवंतीनं पुढचा उजवा पाय वर घेतला आणि तसाच अधांतरी धरला. कोणीतरी येऊन त्याला काही करील म्हणून वाट बघत असल्यासारखा.

"आणि त्याच्या जरा आधी दरवेळी जमिनीत हे येतं," अनुजा म्हणाली. तिनं पाटीवर काही दाबलं. टक, टक, टक. मग एक जोरात.

मी चहा खाली ठेवला.

"साखळीला पाय देतीय ती," मी म्हणाले.

अनुजाला पुढचं मी सांगितलं. ते ठोके झाले की हत्ती बांधला गेला. पुढं पुढं तर दादा शेवंतीला साखळीसुद्धा बांधायचा नाही. नुसता खुंटा ठोकायचा आणि ती त्याच्याशेजारी रात्र काढायची. इतर हत्तीवाले बघायला यायचे. दादाला त्याचा केवढा अभिमान होता! "माझ्या शेवंतीला साखळी लागत न्हाई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

त्या पोरीनं पाटी पालथी ठेवली. मग म्हणाली, "आमच्या अहवालात आम्ही लिहिलं होतं, की हत्तीला आपल्या माणसाची इतकी ओढ आहे की कळप सोडून ती त्याच्या आवाजापाशी थांबते. वर्तमानपत्रात आलं ते."

दादाला सांगायचं कोणी, हा प्रश्नच नव्हता. तो परत आल्यावर मीच सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. त्याच्याशी मला तसं जमतही नाही. त्यानं सगळं ऐकलं. पाटीवरचं चित्र बघितलं. शेवंतीचा उचललेला पाय बघताना त्याचं बोट काचेवर तिच्या गुडघ्यापाशी गेलं.

मग म्हणाला, "मी ठोकतो म्हनून उभी ऱ्हाती व्हय?"

"व्हय."

"आणि हाक? ती बी ठोक्यानंच मारती का? तू जळतीस, गोजे. तुला कुनी हाक मारीत न्हाई म्हनून."

मी उठून आत गेले. ते बोलणं मला लागलं, पण तो घाबरलाय हे मला दिसत होतं. बाहेर तो अनुजाला विचारत होता, "बाय, तू शिकलेली हाईस. खरं सांग. ती मला मायेनं बोलवती का भिऊन?"

"आजोबा, हाक तुमची आहे एवढं यंत्राला कळतं," ती म्हणाली. "हाकेमागं काय आहे, ते आम्हाला अजून कळत नाही. मला खोटं सांगता येणार नाही."

"मग काय कामाचं यंत्र तुझं?"

तिनं पाटी पिशवीत घातली.

त्या दिवसापासून दादानं काठी पाटाजवळ आणली नाही. बोलून झालं की हात काखेत दाबून बसायचा. पण शेवंती हलेना. उलट ठोके येत नाहीत म्हणून जास्तच वाट बघायला लागली. मग तळकोंडनं दादाला विचारून पाटच बंद ठेवून बघितला. शेवंती खांबाला सोंड लावून हाका मारत राहिली, आणि चारा तसाच पडू लागला. दादाला दिवसभर बोलायचा दम नव्हता, म्हणून मग त्यांनी यंत्राकडून त्याचा आवाज बनवून घेतला. मी तो ऐकला. मलाही फरक सांगता आला नसता. त्या आवाजात "चल शेवंते, चल" असं खांबातून म्हणून बघितलं. तिनं ओ दिली आणि पाय पुन्हा वर घेतला.

"नुसतं चल म्हनून ती कशी जाईल?" दादा म्हणाला. "सकाळी खुंटा मी उपसायचो. तिच्या डोळ्यांदेखत. मग तिच्या कानाला हात लावून पुढं चालायचो. खुंटा जाग्यावर असताना चल म्हटलं आणि ती चालली, तर मार खायची."

मार कोणाचा ते त्यानं सांगितलं नाही. मला ठाऊक होतं आणि अनुजालाही कळलं.

होळी झाली. वरच्या दरीत नेण्यासाठी गौराला तळकोंडच्या माणसांनी गूळ-केळ्यांच्या वासावर कसंबसं चढवलं होतं, एकटीला. पण ती कळपात राहिली नाही. शेवंतीची शेपटी शोधत एका पहाटे ती डोंगर उतरायला लागली. आंधळं जनावर. आटत आलेल्या ओढ्याच्या दरडीवरून खाली गेली. अनुजानं फोन करून गौरा मेल्याचं सांगितलं. गौरा पडली तेव्हा तिनं शेवंतीच्या नावानं हाका मारल्या, त्या खांबांनी टिपल्या होत्या. शेवंतीनं प्रत्येक हाकेला ओ दिली, पण ती खांबाशेजारून हलली नाही.

हेही मी दादाला सांगितलं. तो अंथरुणावर बसला होता, नाकात नळी. नळी सारखी करत म्हणाला, "मला तिकडं घेऊन चल."

"डॉक्टरांनी घाट चढायचा न्हाई म्हनून सांगितलंय."

"खुंटा मी ठोकलाय. दुसऱ्या कुनाच्या हातानं ती सुटायची न्हाई."

शालनला कळलं तेव्हा ती घरात आली ती चप्पल न काढताच. "आत्या, तुला काही वाटतं का? तिकडं वरती हवा विरळ, धूळ, चढ. आबांना पायखान्यापर्यंत जाताना दम लागतो! एका हत्तीसाठी तू माझ्या बापाला मारायला निघालीस?"

"मी न्हाई निघाले. तो निघालाय."

"तू नाही म्हण ना! तुझ्याशिवाय ते उंबरा ओलांडू शकत नाहीत. तू नाही म्हटलंस की झालं."

ते खरं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तो गेला नसता. माझ्या एका शब्दावर होतं. मी दादाकडं बघितलं. तो भिंतीकडं तोंड करून होता आणि आम्ही काय ठरवतो ते कान देऊन ऐकत होता. जन्मभर त्यानं मला विचारून काही केलं नव्हतं. नाही म्हणून त्याला घरी ठेवला असता, तर तो आणखी जगला असता. शेवंती तिकडं ओढा आटेपर्यंत पाय उचलून उभी आहे, हे रोज डोळ्यांसमोर ठेवून जगला असता.

"नळीचं यंत्र गाडीत बसतं का बघ," मी शालनला म्हणाले. ती रडायला लागली. मग तिनंच गाडी ठरवली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. गाडी बिनड्रायव्हरची. दादा तिच्यात पहिल्यांदाच बसत होता. "सर्कशीत असती तर लोकांनी तिकीट काढून बघितली असती," म्हणाला. घाटात त्याची बोटं निळी पडली. शालननं यंत्राचा वारा वाढवला. माझ्याकडं तिनं सबंध वाटेत बघितलं नाही.

तळकोंडला अनुजा चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. माळ ओलांडून आम्ही खांबाकडं गेलो. शेवंतीनं लांबूनच कान पसरले. जवळ आलो तशी ती खालून घुमायला लागली. माझ्या पोटात ते जाणवत होतं, कानाला मात्र थोडंच. तिनं सोंड दादाच्या डोक्यावरून, तोंडावरून, नाकातल्या नळीवरून फिरवली, छातीवर टेकवली आणि तिथंच धरली. तिच्या कानशिलातून पाणी ओघळत होतं आणि मागं जमीन मुतानं भिजली. अनुजा डोळे पुसत होती.

दादा मात्र शेवंतीकडं बारकाईनं बघत होता. "लई दिसांनी भेटलं की असं करती," तो मला हळूच म्हणाला. "आणि चाबूक दिसला तरी असंच करती. काय कळत न्हाई, गोजे."

मग त्यानं खुंटा मागितला. तिथल्या माणसांनी लोखंडी पहार आणली होती. ती खांबाशेजारी ठोकायला लावली. पहिला घाव पडला आणि शेवंतीनं दादाच्या छातीवरची सोंड काढून घेतली, मागं सरकली आणि पुढचा पाय वर केला. ठोकणाऱ्या माणसाचा हात थांबला.

"ठोक," दादा म्हणाला. "घट्ट ठोक. तिला खोटं चालत न्हाई."

तो खुर्चीतून उठला. शालन पुढं झाली, त्यानं तिला हातानं थांबवलं. दोन्ही हातांनी पहार धरून तो ती हलवायला लागला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्याच्या छातीची शिट्टी आम्हाला ऐकू येत होती. पहार सुटली. त्यानं ती उपसून तिच्यासमोर धरली आणि लांब फेकली. लोखंड दगडावर वाजलं. शेवंतीनं पाय खाली टेकवला.

"चल," दादा म्हणाला आणि खुर्चीत बसला. अनुजानं खुर्ची ढकलली. शेवंती जागची हलली नाही.

"बसून न्हाई चालायचं," दादा म्हणाला. "बसलेल्या मानसामागं ती कधी गेली न्हाई."

त्यानं नळी काढली, माझ्या हातात दिली आणि तिच्या डाव्या कानाशी गेला. कानाच्या फाटक्या कडेला हात लावून तो चालायला लागला. ती चालली. माळ संपून चढ सुरू झाला. तो चार पावलं टाकायचा, तिच्या खांद्याला टेकायचा, पुन्हा चालायचा. ती प्रत्येक वेळी थांबायची. आम्ही मागून चाललो होतो, शालन नळीचं यंत्र छातीशी धरून. मी त्याला एकदाही थांब म्हटलं नाही.

पहिल्या वळणाच्या वर तो एका धोंड्यावर बसला. शेवंतीही थांबली. मला वाटलं संपलं, आता हीही इथंच राहणार. तेवढ्यात अनुजानं हातातल्या पाटीकडं बघून खूण केली. वरून कमळाची हाक येत होती. कळप अर्ध्या डोंगरापर्यंत उतरून आला होता. शेवंतीनं एक पाय जमिनीला हलकेच दाबून धरला. कान पसरले. तिनं दादाकडं बघितलं, किंवा त्याच्या बाजूला बघितलं असेल. दादा हात मांडीवर घट्ट धरून बसला होता.

"जा की," तो म्हणाला. "आता काय माझ्या बोडक्यावर बसतीस?"

ती त्याला वळसा घालून वर गेली. झाडांत आधी तिची पाठ दिसेनाशी झाली, मग फांद्या हलायच्या थांबल्या.

"गेली?" दादानं विचारलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

"गेली."

"वळून बघितलं का?"

"न्हाई."

त्यानं मान हलवली. ती समाधानानं हलवली की कशानं, ते मला आजही सांगता येत नाही. शालननं त्याच्या नाकात नळी घातली.

परत आल्यावर त्यानं पाट ईश्वरीकडं पाठवून दिला आणि पालकत्व तिच्याच नावावर करायला सांगितलं. पाटावर पाय ठेव पण तोंड उघडू नकोस, असं तिला बजावलं. अनुजाचे फोन यायचे. शेवंती कळपाबरोबर वरच्या पाण्यावर होती, कमळाच्या शेजारी चरत होती. ती अजून ती जुनी हाक मारते का, हे दादानं एकदाही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि अनुजानं आपणहून सांगितलं नाही.

शालन घरी येते, माझा डबा आणते, पण त्या प्रवासाबद्दल माझ्याशी बोलत नाही. एकदा फक्त म्हणाली, "आत्या, तू नाही म्हणाली असतीस तर दिवाळी दिसली असती त्यांना." ते तिचं खरं आहे.

गौरा २०४२ च्या होळीनंतर चौथ्या दिवशी तळकोंडच्या ओढ्यात मेली. माझा भाऊ धोंडीराम त्याच वर्षी अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात, शालनच्या आणि माझ्या देखत वारला.